सुळा कुणाच्या मुठीत

कवळी शिजायला वेळ लागतो आणि त्या वेळात माणसाला दुसरं काही करता येत नाही, इथूनच सगळी भानगड सुरू झाली. मेणात दात बसवायचे, ते प्लास्टरमध्ये पुरून पितळी डब्यात बंद करायचे, मेण उकळून काढून टाकायचं, त्याच्या जागी गुलाबी लगदा भरायचा, डबा करकचून आवळायचा आणि गरम पाण्याच्या टाकीत सोडायचा. तिथून पुढे टाकीचं राज्य. पाणी सावकाश तापणार, डबा त्यात मुरणार आणि मग रात्रभर आपला आपण निवणार. मध्येच घाई केली तर कवळी दिसायला छान दिसते, पण आतून कच्ची राहते. कच्ची कवळी तोंडात गेली की हिरड्यांची नुसती आग होते. म्हणून टाकीवर ज्याची पाळी असेल त्याने एकच करायचं. डब्याला स्वतः हात लावायचा नाही आणि दुसऱ्या कुणाला लावू द्यायचा नाही.

तर दुपारी डबे टाकीत गेले की दातांच्या लॅबमधली माणसं रिकामी व्हायची. रिकामी माणसं एक तर भांडतात, नाही तर खेळतात. इथे दोन्हीची सोय होईल असा खेळ ताईने काढला.

ताई म्हणजे दात बसवणारी. लॅबमधली सर्वांत जुनी. मालक तिच्यापेक्षा वयाने मोठा, पण तोही तिला ताईच म्हणायचा. तिने उरलेल्या, टवका उडालेल्या दातांतून चार दाढा आणि एक सुळा निवडला आणि एका कापडी पिशवीत टाकला. प्रत्येकाने पिशवीत हात घालायचा, एक दात उचलायचा, मूठ बंद. बघायची गरजच नसे. सुळा असेल तर त्याचं टोक तळव्याला टोचतं. ज्याच्याकडे सुळा तो लांडगा, बाकी सगळी बिचारी माणसं. मग चहा संपेपर्यंत एकमेकांना प्रश्न विचारायचे, उलटतपासणी घ्यायची, आणि शेवटचा घोट झाला की प्रत्येकाने एकाकडे बोट दाखवायचं. ज्याच्याकडे जास्त बोटं, त्याने मूठ उघडायची. लांडगा सापडला तर कप त्याने धुवायचे. नाही सापडला तर तो खुर्चीत बसून राहणार आणि बाकीचे धुणार.

खेळणारी पाच जणं. ताई. प्लास्टरवाला, जो दिवसभर पिठात पडल्यासारखा दिसायचा म्हणून सगळे त्याला पांढरोबा म्हणायचे. धातूचं काम करणारा सोनार, अर्धा बहिरा आणि पूर्ण आळशी. पॉलिशवाली मावशी, जिचं तोंड तिच्या मशीनपेक्षा जोरात चालायचं. आणि ताईची सख्खी धाकटी बहीण, जिला लॅबमध्येसुद्धा सगळे धाकटीच म्हणत.

सुरुवातीला ताईलाही हा खेळ येत नव्हता, हे आता कुणाला सांगून पटणार नाही. पहिल्यांदा सुळा तिच्या मुठीत आला तेव्हा कुणी विचारलेलं नसताना तिने "माझ्याकडे दाढ आहे बाई" असं जाहीर करून टाकलं. मूठ उघडली तर तळव्याला इतका घाम की दात चिकटूनच बसलेला. मावशीचं हसू आवरेना. त्या दिवशी कप ताईने धुतले, दुसऱ्या दिवशीही तिनेच धुतले, आणि मग ती हट्टाला पेटली.

खोटं बोलायला तिला तेव्हा फार कष्ट पडायचे. काय बोललो ते लक्षात ठेवा, हात सैल सोडा, डोळे कुठे न्यायचे ते ठरवा, आणि वर चहाही नीट प्या. एका डावात ती अख्खा जबडा बसवल्याइतकी दमायची. पण हात बसतो तशी जीभही बसते. वर्षं गेली तसे कष्ट गळून पडले. सुळा मुठीत टोचत असताना ती शांतपणे मावशीला म्हणायची, "मावशी, आज तुम्ही गप्प का?" की मावशी बसली खुलासे करत. सगळी बोटं मावशीकडे. ताईचा श्वाससुद्धा जागचा हलायचा नाही.

इथवर ठीक होतं. फार तर मावशीला कप धुवावे लागत होते. खरा घोळ पुढे झाला. आपल्याला खोटं बोलता येतं म्हणजे दुसऱ्याचं खोटं ओळखताही येतं, असं ताईने ठरवून टाकलं आणि बाकीच्यांनी माना डोलावल्या. हे कुणी कधी पडताळून बघितलं नाही. बघतो कोण? चार माणसं म्हणाली की ताईला चेहरा वाचता येतो, की ताईला चेहरा वाचता येतो. पुढे पुढे मालकही नवा माणूस ठेवायचा असला की तिला बोलवायचा. "ताई, जरा बघा हो याच्याकडे," म्हणायचा. ताई बघायची, मान हलवायची, आणि माणूस राहायचा किंवा जायचा. जो गेला तो खरंच वाईट होता का, हे विचारायला तो परत थोडाच येणार होता?

आणि तिच्या या कीर्तीला सगळ्यात जास्त खतपाणी घातलं ते धाकटीच्या कानांनी.

धाकटीचे कान लाल व्हायचे. नवऱ्याचं घर सोडून ती ताईकडे राहायला आली, दोघी दोन खोल्यांत राहू लागल्या, आणि ताईने तिला लॅबमध्ये आणून मेणकामाला बसवलं. हात चांगला होता तिचा. पण खेळायला बसली की पाच मिनिटांत पाळ्यांपासून वरपर्यंत लालबुंद. मावशी ओरडायची, "पेटले गं, पेटले!" चार बोटं धाकटीकडे. मूठ उघडली आणि सुळा निघाला की ताई पाठ टेकून म्हणायची, "सांगितलं नव्हतं?" आणि दाढ निघाली तर? तर सगळे हसायचे, मावशी म्हणायची, "आज कानांनी फसवलं बाई," कप धुतले जायचे आणि दुसऱ्या दिवसापर्यंत सगळे विसरून जायचे. सुळा तेवढा लक्षात राहायचा.

धाकटी कुरकुरायची. घरी जाताना म्हणायची, "ताई, मला नको घेऊस खेळायला. मला नाही जमत."

"जमवून घे," ताई म्हणायची. "जगात असं राहून कसं चालेल तुझं? जरा तोंडावर काही दाखवायचं नाही, एवढं तरी शीक. पांढरोबा बघ कसा तयार झाला."

पांढरोबा खरंच तयार झाला होता, आणि तो ताईचा पट्टशिष्य होता. आला तेव्हा सुळा मिळाला की चहा सांडायचा. शर्ट पांढरा असल्यामुळे डाग लपायचे नाहीत. ताईने त्याला हाताला धरून शिकवलं. "गप्प बसू नकोस, गप्प बसणारा आधी पकडला जातो. पूर्ण खोटं बोलू नकोस, खऱ्यात थोडंसं मिसळ. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, सगळे ज्याच्या मागे लागले असतील त्याच्या मागे तू लागू नकोस. उलट त्याची बाजू घे. म्हणजे तू चांगला दिसतोस आणि तो बुडायचा तो बुडतोच." शेवटची युक्ती पांढरोबाला इतकी आवडली की त्याने ती दोनदा म्हणून घेतली. वर्षभरात त्याचा चहा सांडायचा थांबला.

मग ती कच्ची कवळी बाहेर गेली.

एका डॉक्टरची तातडीची ऑर्डर होती. ताई त्या दिवशी एका दवाखान्यात माप घ्यायला गेली होती. टाकीवर पाळी धाकटीची. दुपारी तिला ताप भरला. ती पांढरोबाला टाकी सांभाळायला सांगून घरी गेली. संध्याकाळी मावशी मशीनवर आली तर ती कवळी तिच्या टेबलावर तयार पडलेली. मावशीने विचार केला नाही. विचार करणं हे मावशीचं काम नव्हतंच. तिने पॉलिश मारलं, कवळी दाराजवळच्या खणात ठेवली, आणि डॉक्टरचा माणूस येऊन घेऊन गेला. म्हणजे डबा वेळेआधी टाकीतून काढून कुणीतरी थंड नळाखाली धरला होता आणि आतलं प्लास्टर फोडून कवळी काढली होती. कवळी एका म्हाताऱ्या शिक्षिकेच्या तोंडात गेली. बाईंच्या तोंडाला आतून फोड आले. त्यांना पाणीसुद्धा गिळवेना.

डॉक्टर मालकाला फोनवर काय काय बोलला ते काचेच्या केबिनमधून ऐकू आलं नाही, पण मालकाचा रंग दिसत होता. बाहेर येऊन त्याने डॉक्टरने परत पाठवलेली ती कवळी टेबलाच्या मधोमध ठेवली. तेच टेबल, त्याच खुर्च्या, फक्त चहा नव्हता.

"मला नाव हवंय," मालक म्हणाला. "चूक कुणाकडूनही होते. पण लपवणारा माणूस मला इथे नको. ताई, तुम्ही त्या दिवशी इथे नव्हता. तुम्हाला माणसं कळतात. तुम्ही विचारा."

इथे ताईने "हे माझं काम नाही" म्हणायला हवं होतं. तिच्या मनातही ते आलं नाही. उलट तिला आतून जरा बरंच वाटलं, आणि ती खुर्ची ओढून बसली.

तिने मावशीला विचारलं. मावशीने स्वतःच्या गुडघेदुखीपासून सुरुवात केली आणि मुद्द्यावर येईपर्यंत मालकाने दोनदा घड्याळ बघितलं. सोनार म्हणाला, "माझी मोटर चालू होती. मला काय कप्पाळ ऐकू येणार?" मग धाकटीची पाळी आली. सगळ्यांनी तिच्याकडे मान वळवली, आणि तिचे कान पेटले.

"मी यांना सांगून गेले होते," धाकटी पांढरोबाकडे बोट करून म्हणाली. तिचा आवाज फुटत होता. "डबा सकाळीच काढायचा, असं सांगून गेले. मी... मी हात नाही लावला. मला ताप होता, ताई. तुला माहितीय."

सगळे पांढरोबाकडे बघू लागले. त्याने हातावरचं प्लास्टर अंगठ्याने खरवडत सावकाश मान हलवली.

"ती म्हणते तर सांगितलं असेल तिने," तो म्हणाला. "सोनाराची मोटर चालू होती, मला नीट ऐकू आलं नसेल. पण एक सांगतो साहेब, धाकटी मुद्दाम असं करणारी नाही. आजारी होती बिचारी. मागे कटकट नको म्हणून काढला असेल डबा, तर तेवढं पोटात घाला."

किती चांगला माणूस, असं ताईला वाटलं. खरोखर वाटलं. आपण शिकवलेलं अक्षर न् अक्षर तो आपल्याच तोंडावर वाचून दाखवतोय, हे तिच्या डोक्यात आलं नाही. ती धाकटीच्या कानांकडे बघत होती. कान इतके लाल तिने कधी बघितले नव्हते. आणि त्यात दुसरंही एक शिजत होतं. आपली सख्खी बहीण म्हणून आपण डोळेझाक केली असं उद्या कुणी म्हणायला नको. तिला न्यायी दिसायचं होतं.

"धाकटे," ती म्हणाली, "कबूल कर आणि मोकळी हो. मी सांभाळून घेते."

"काय कबूल करू?"

"डबा तू काढलास ते."

"मी नाही काढला."

"अगं, तुझ्याकडे बघून कळतंय सगळ्यांना."

धाकटी तिच्याकडे बघत राहिली. डोळ्यांत पाणी होतं, पण ते खाली पडू न देण्याइतका ताठा कुठून तरी आला होता तिला. "केलं नाही ते कबूल कसं करू?" एवढंच ती म्हणाली.

"ताई?" मालकाने विचारलं.

ताईने बोट दाखवलं नाही. ते तिला शोभलं नसतं. तिने फक्त बहिणीकडे बघत मान हलवली, माणूस ठेवायचा नसला की हलवायची तशी. मालक चार शब्द सुनावेल आणि सोडून देईल, आपल्याकडे बघून तरी सोडेल, असा तिचा अंदाज होता. हाही अंदाजच. धाकटीने त्याच संध्याकाळी मेणाची हत्यारं पुसून जागेवर ठेवली आणि ती लॅबमधून गेली.

घरी ताई पोचली तर बॅग पलंगावर उघडी होती. धाकटी कपड्यांच्या घड्या घालत होती. ती रडत असती तर ताईला सोपं गेलं असतं.

"हे काय नवीन?" ताई म्हणाली. "नोकरी काय, दुसरी बघू. राग आलाय, कळतं मला. पण माझ्याही जागेवर जरा येऊन बघ. सगळ्यांसमोर मी आपल्या माणसाची बाजू घेतली असती तर?"

"बाजू घ्यायची नव्हती. विश्वास ठेवायचा होता."

"तुझा चेहराच असा..."

"माझ्याकडे बघितलं की माझे कान लाल होतात, ताई." धाकटीने घडी अर्धी सोडून दिली. "कुणीही बघितलं तरी होतात. दुकानदाराने सुटे मागितले तरी होतात. आई म्हणायची ना, हिच्याकडे सगळे मिळून बघू नका, हिला लाज वाटते? तूच मला तिच्या पदराआड लपवायचीस. विसरलीस?"

ताई विसरली नव्हती. तिला फक्त आठवलं नव्हतं.

"इतकी वर्षं सगळ्यांनी माझ्यावर बोटं रोखली," धाकटी म्हणाली. "किती वेळा सुळा निघाला माझ्या मुठीत? सांग ना. आणि किती वेळा दाढ निघाली? तुला दाढा आठवतच नाहीत. पाच माणसांत कुणावरही डोळे मिटून बोट ठेवलं असतंस तरी तेवढंच बरोबर आलं असतं. तू काही ओळखत नाहीस, ताई. तुला फक्त स्वतःला लपवता येतं."

हे ताईला इतकं झोंबलं की ती जे बोलायला नको तेच बोलली. "उलट बोलायला जमतं, आणि खरं बोलायला दातखीळ बसते."

धाकटीने बॅगची चेन ओढली. दारात चपला घालताना तिने मागे वळून बघितलं नाही. शहराच्या दुसऱ्या टोकाला मैत्रिणीची खोली होती, ती तिकडे गेली. मग ताईने फोन केले, ते वाजत राहिले. ताईने स्वतःची समजूत घातली की चूक पकडली गेली की माणसाला राग येतोच. हे ती मावशीलाही ऐकवायची. मावशी म्हणायची, "येतो गं, येतो." आणि दुपारी पिशवीत आता तीन दाढा आणि एक सुळा असायचा.

बरेच महिने गेले. एके दिवशी मालक केबिनमधून बाहेर आला, चष्मा शोधत होता म्हणे, आणि बेसिनपाशी थबकला. पांढरोबा चिमट्यात गरम डबा धरून थंड नळाखाली उभा होता. वाफ अंगावर येत होती. टाकीत त्याच डब्याची जागा रिकामी होती. मालकाला चेहरेबिहरे काही वाचता येत नव्हते. त्याने डबा बघितला, नळ बघितला आणि नळ बंद केला.

"थांबायचा कंटाळा आला, साहेब," पांढरोबा म्हणाला.

"आणि मागच्या वेळी?"

"मागच्या वेळीही तसंच झालं."

एवढ्या सहज म्हणाला, की टेबलापाशी बसलेल्या ताईला क्षणभर कळलंच नाही की काय सांगितलं गेलं. मालक चिडला, पगार कापीन म्हणाला, दार आपटून आत गेला, आणि पांढरोबाला त्याने ठेवून घेतलं. प्लास्टरला माणूस मिळत नाही हल्ली. धाकटीचं नावसुद्धा त्याने काढलं नाही.

ताई उठून बेसिनपाशी गेली.

"तू माझ्या बहिणीला बुडवलंस."

"मी तर तिची बाजू घेतली होती, ताई," पांढरोबा म्हणाला. यात टोमणा नव्हता. तो खरंच आठवून सांगत होता. "तुम्ही माझ्याकडे बघितलंत तेव्हा वाटलं, संपलं, यांना कळलं. तुम्हाला सगळं कळतं म्हणतात ना. पण तुम्ही तिच्या कानांकडे बघायला लागलात."

"घाम तरी फुटला होता का रे तुला?"

तो जरा विचारात पडला. "नाही. तो आधी फुटायचा, नवीन होतो तेव्हा."

कोपऱ्यात प्लास्टरच्या कचऱ्याचा डबा होता. त्यात त्याने सकाळी फोडलेला प्लास्टरचा साचा पडला होता, दोन ठोक्यांत दोन सरळ भकलं. तो नेहमीच तसा फोडायचा. सोनाराला साचा फोडायला सांगितला तर तो वाकडेतिकडे तुकडे करायचा. आणि धाकटी? ती भीतभीत, कवळीला धक्का लागू नये म्हणून कडेकडेने इतकी कोरायची की मागे नुसता भुगा उरायचा. मावशी त्यावरून तिला चिडवायची.

त्या कच्च्या कवळीच्या दुसऱ्या दिवशी ताईने मेणाची कात्रणं टाकायला याच डब्याचं झाकण उघडलं होतं. वर दोन सरळ भकलं होती. ती तिने बघितली होती, आणि त्यांच्यावर कात्रणं टाकून झाकण लावलं होतं. आयुष्यभर जे काम केलं त्यातून जे कळत होतं ते तिने कचऱ्यात राहू दिलं, आणि चहाबरोबर खेळलेल्या खेळाच्या जोरावर बहिणीला बाहेर काढलं. ताई तिथेच बेसिनला धरून उभी राहिली. मावशी मशीन बंद करून "काय झालं गं?" म्हणत आली, तेव्हा ताईने तिला धाकटीचा पत्ता विचारला.

धाकटी कुठे काम करते ते मावशीच्या सुनेला माहीत होतं. विजेच्या वस्तू विकणारं एक मोठं दुकान, त्यात मागच्या बाजूला तक्रारींची खिडकी. ताई गेली तेव्हा खिडकीपुढे रांग होती. रांगेत उभं राहूनच तिने बहिणीला बघितलं. केस वर बांधलेले, दोन्ही कान मोकळे.

पुढचा माणूस फ्रिजसाठी भांडत होता. आवाज चढलेला, हात काचेवर आपटत होता. सगळी रांग धाकटीकडे बघत होती.

"तुमचं अगदी बरोबर आहे, काका," धाकटी म्हणाली. "तुमच्या जागी मी असते तर मीही चिडले असते. गाडी निघालीय तुमच्याकडे. उद्या नक्की."

तो माणूस पुटपुटत बाजूला झाला. धाकटीने मागच्या मुलीला हळूच विचारलं, "फ्रिज आलाय का गं आपल्याकडे?" मुलगी म्हणाली, "छे." धाकटीने मान डोलावली आणि पुढच्याला हाक मारली. पुढे ताई होती.

"अगं ताई!" धाकटी म्हणाली, आणि हसली. छान हसली. "इकडे कुठे?"

ताईने येताना बसमध्ये किती वाक्यं जुळवली होती. त्यातलं एकही जागेवर सापडेना. "पांढरोबा होता तो," ती म्हणाली. "मालकाने पकडला. तू नव्हतीस. मी चुकले गं धाकटे. मी फार चुकले." तिच्या तळहातांना घाम आला आणि कानशिलं तापली. मागे रांग उभी होती आणि ती सगळी तिच्याकडे बघत होती.

"असू दे गं," धाकटी म्हणाली. "मी कधीच विसरले ते."

"खरंच?"

"खरंच. माझ्या मनात काहीसुद्धा नाही."

"मग घरी ये. राहायला नको येऊस, नुसती जेवायला ये. रविवारी?"

"येईन ना," धाकटी म्हणाली. "रविवारी नक्की."

ताईने तिच्या कानांकडे बघितलं. डोळे फाडून बघितलं. पाळ्या, कडा, वरची वळणं. कुठे लाल रंगाचा ठिपकासुद्धा नव्हता. पूर्वी तिला हेच हवं होतं, बहिणीने हेच शिकावं म्हणून ती जीव टाकत होती. आता इतकी वर्षं खेळून, इतकी नावाजली जाऊन, समोरची आपली बहीण खरं बोलतेय की खोटं एवढंही तिला कळेना.

"पुढे कोण आहे?" धाकटीने विचारलं, त्याच आवाजात, तेच हसून.

रविवारी ताईने दोघींचा स्वयंपाक केला. संध्याकाळी एकीचा काढून ठेवला.